समास कापलेली पोथी

पोथी प्लास्टिकात घालण्याचं पाप माझं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला कोडं पडायला नको. ते पंचवीस वर्षं बाईंच्या नावावर राहिलं आणि मी राहू दिलं, तो भाग मात्र सावकाश सांगावा लागेल. तो सांगताना मला अजून माझाच राग येतो.

बाई म्हणजे बारामतीतल्या आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित विभागाच्या प्रमुख. कागदावर 'प्रभारी प्रमुख'. प्रभारी म्हणजे काम सगळं तुमचं, जबाबदारी तुमची, बोलणीही तुम्हीच खायची, आणि पद मात्र कुणाचंच नाही. त्यांचं असं सात-आठ वर्षं चाललेलं होतं. राहायच्या इंदापूरला भावाच्या घरी. सकाळच्या एसटीनं यायच्या, संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मोडी लिपी त्या अशा वाचायच्या, जशी आपण बसची पाटी वाचतो.

मी कन्हेरीची. वडील ऊसवाले, कारखान्याचे सभासद. ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स करून नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, पुस्तकं द्यायची, घ्यायची, शिक्का मारायचा, संपलं. पहिल्याच दिवशी बाईंनी लाल फडक्यात बांधलेली एक पोथी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "पानं मोज."

मोजली. एकशे बारा.

"आता परत मोज."

परत एकशे बाराच. मग त्यांनी स्वतः मोजली, वहीत आकडा लिहिला आणि खाली दोघींच्या सह्या झाल्या. पोथी फडक्यातून सोडताना मोजायची, बांधताना मोजायची, असा नेम होता. जुनी पोथी म्हणजे सगळी सुटी पानं. शिवण नाही, बांधणी नाही. लांबट आडवी पानं एकावर एक रचलेली, वर-खाली लाकडी फळ्या, आणि कडेच्या कोऱ्या समासात पानाचा आकडा. तो आकडा गेला की पोथी कुठून कुठं जाते याचा पत्ता लागत नाही, असं बाई सांगायच्या. मला हे सगळं जरा जास्तीचंच वाटायचं. मनात म्हणायचे, बाईंना मोजायचा छंदच आहे.

आता प्लास्टिकाचं. आमच्या वडलांना लॅमिनेशनचं वेड होतं. तालुक्याच्या गावात ती मशिनं नवी नवी आली होती. रेशनकार्ड, सातबारा, माझी दहावीची मार्कशीट, कारखान्याच्या शेअरचा कागद, आजोबांच्या मृत्यूचा दाखलासुद्धा त्यांनी प्लास्टिकात घालून आणला होता. "प्लास्टिकात घातला की कागद मरत न्हाय," म्हणायचे. आमच्याकडं घरोघरी हेच. गळका पत्रा, वाळवी, उंदीर, सगळ्यावर एकच औषध. मी त्याच घरात वाढलेली. कागद जपायचा म्हणजे काय, याचं माझं शिक्षण बाई भेटायच्या कितीतरी आधी पुरं झालेलं होतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

मला लागून चार महिने झाले असतील. त्या वर्षी भीमा आणि नीरा दोन्हीला पाणी आलं. नरसिंहपूरला संगमाकडच्या घरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर तिथला एक शेतकरी, असेल पन्नाशीचा, युरियाचं पोतं खांद्यावर टाकून वाचनालयात आला. पोत्यात पोथी होती. क्षेत्राचं माहात्म्य सांगणारी, मोडीत लिहिलेली, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाणारी.

"माळ्यावर व्हती, तरी भिजली," तो म्हणाला. "संगमात सोडून द्या म्हणत्यात समदी. माझा हात व्हईना. तुमी बघा काय व्हतंय का."

बाई त्या दिवशी नव्हत्या. बहिणीचं ऑपरेशन होतं सोलापूरला, म्हणून चार दिवस रजेवर होत्या. जाताना मला सांगून गेल्या होत्या, "पूर आलाय, भिजलेलं काहीबाही येईल. आलं तर सावलीत सुटं करून पसर, मध्ये टीपकागद घाल. बाकी काही करू नकोस. मी आले की बघते."

मी पसरली पानं. एकेचाळीस भरली. दुसऱ्या दिवशी बघते तर काहींच्या कडा मऊ पडून सुटायला लागलेल्या, आणि एका पानावर बुरशीचा ठिपका. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई येईपर्यंत याचा लगदा होणार असं मनानं घेतलं. फोन करावा तर त्या दवाखान्यात, आणि मोबाइल तेव्हा कुणाकडं होता. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक मनात होतं. बाईंनी येऊन बघावं आणि म्हणावं, पोरीनं पोथी वाचवली.

कोर्टाजवळ एक झेरॉक्सचं दुकान होतं. तिथं पानं घेऊन गेले.

"मॅडम, पान लांब हाय," दुकानदार म्हणाला. "पाकिटात बसत न्हाय. दोनी कडंनं बोटबोटभर उडवू का? कोरंच हाय तितं."

मी घाईत बघितलं. कोरंच दिसलं. आकडे पाण्यानं फिकट झाले होते, पण होते. मी म्हटलं, उडवा.

पानं मशिनीतून गरम गरम बाहेर आली, पापडासारखी ताठ, चकचकीत. मला इतका आनंद झाला की मी त्या दुकानदाराला चहा पाजला.

बाई परत आल्या त्या सकाळी मी पानांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर मांडून ठेवला होता. त्यांनी एक पान खिडकीच्या उजेडाकडं धरलं. मग दुसरं धरलं. मग खाली बसल्या आणि मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर एका पानाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आकडे कुठायत?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "दुकानात राहिले असतील," मी म्हटलं.

"जा, बघून ये."

मी पळत गेले. दुकानदारानं कातरण झाडून केव्हाच जाळून टाकली होती.

मी रडत परत आले, तर बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. गरम प्लास्टिक पानाला चिकटलं की परत काढता येत नाही. काढायला जावं तर अक्षरं प्लास्टिकाबरोबर येतात. आणि ओलं पान बंद केलं, म्हणजे ओल आतच राहिली. "पान आत कुजणार, आणि आपण बाहेरून बघत बसायचं," म्हणाल्या. झालंही तसंच. पुढं दोन-तीन महिन्यांत प्लास्टिकाच्या आत काळे ठिपके पसरले.

मग त्यांनी नोंदवही ओढली आणि लिहिलं: माझ्या सूचनेवरून ओल्या पानांचे लॅमिनेशन करण्यात आले, समास कापले गेले. खाली सही केली. एकटीची.

मी म्हटलं, "बाई, पण मी..."

"तू गप्प बस. सोमवारी समितीची बैठक आहे. तुला लागून चार महिने झालेत."

मी गप्प बसले. बाईंनी सांगितलं म्हणून बसले, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत आले. खरं म्हणजे मला नोकरी हवी होती. आणि त्याच बैठकीत बाईंना प्रमुख म्हणून कायम करायचा विषय होता, हेही मला ठाऊक होतं. सगळ्या वाचनालयाला ठाऊक होतं. तरी मी मूग गिळून बसले.

नरसिंहपूरचा माणूस त्याच आठवड्यात पोथी बघायला आला. त्यानं प्लास्टिकातलं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि सरळ समितीच्या अध्यक्षांकडं गेला. त्याचं काही चुकलं नाही.

बैठक वरच्या खोलीत होती. मी खाली टेबलाशी होते, पण आमच्या इमारतीत वरचं सगळं खाली ऐकू येतं. कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाच्या हाती एवढा ठेवा द्यायचा म्हणजे विचार करायला पाहिजे. कुणीतरी म्हणालं, अनुभवी माणूस बघा. बाई प्रभारी होत्या तेवढी वर्षं हा विचार कुणाला सुचला नव्हता. अर्ध्या तासात ठरलं. एक निवृत्त हेडमास्तर प्रमुख म्हणून आले, आणि बाई सहायक झाल्या. ज्या कामाच्या त्या प्रमुख होत्या त्याच कामाच्या सहायक.

बाई खाली आल्या. टेबलावर एक पोथी सोडलेली होती, तिची पानं मोजली, बांधली, सही केली. पिशवी उचलली आणि नेहमीच्या एसटीनं गेल्या.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, हे सांगायला हवं. पण मोडीचं पान हातात घेतलं की ते सरळ धरलंय की उलटं, हे त्यांना बाईंच्या तोंडाकडं बघून कळायचं. पुण्याहून कुणी अभ्यासक आला, तर आधी हेडमास्तरांच्या खोलीत बसायचा, चहा प्यायचा, आणि कप खाली ठेवला की विचारायचा, "बाई कुठं बसतात?" बाई खिडकीशी बसायच्या. कोणती पोथी कधी उघडायची, कुणाच्या हातात द्यायची, कुणाच्या नाही, कोणत्या घरी जाऊन कोणाशी बोलायचं, सगळं त्या खिडकीपाशी ठरायचं आणि हेडमास्तरांच्या सहीनं जाहीर व्हायचं. मी एकदा हस्तलिखितांच्या एका कार्यशाळेला पुण्याला गेले होते. तिथं ब्रश घेऊन पानं साफ करणाऱ्या सगळ्या बायका होत्या आणि व्यासपीठावर एकजात पुरुष. मला काही नवल वाटलं नाही.

आणि ती पोथी. दुपारी डबा खाऊन झाला की बाई तिच्यातलं एक पान काढायच्या. आकडे नव्हते, म्हणजे कुठलं पान कशानंतर येतं ते वाचूनच ठरवायचं. एका पानाचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटलेलं, त्याची उरलेली अर्धी शेपूट चाळीस पानांत शोधायची. काळे ठिपके अक्षरं खात चाललेले, म्हणून घाईही होती. मला शेजारी बसवायच्या. "वाच," म्हणायच्या. मी अडखळले की थांबायच्या, सांगायच्या नाहीत. मी मोडी शिकले ती अशी, माझ्याच पापावर बोट ठेवून. दोन वर्षं लागली. मग त्यांनी हातकागद मागवला आणि सगळी पोथी स्वतःच्या हातानं परत लिहून काढली, समासात आकडे घालून. नरसिंहपूरच्या माणसाला निरोप धाडला. तो आला, नव्या पोथीवरून हात फिरवला.

"ही आमचीच हाय का?" त्यानं विचारलं.

"अक्षर माझं. बाकी सगळं तुमचं," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. त्याला मी तेव्हाही खरं सांगितलं नाही.

बाई सहायक म्हणूनच निवृत्त झाल्या. शाल, नारळ, चार भाषणं. हेडमास्तरांच्या जागी पुढं आणखी एक साहेब आले नि गेले, आणि मग विभाग माझ्याकडं आला. प्रभारी म्हणून, हे काय वेगळं सांगायला नको. चार वर्षं मी प्रभारी होते. मग गेल्या वर्षी समितीनं जागा कायमची भरायची ठरवली आणि मला मुलाखतीला बोलावलं.

समितीत पाच जण. अध्यक्षांना सगळे तात्या म्हणतात. बाईंचं प्रकरण झालं तेव्हा हे तात्या समितीत साधे सदस्य होते. मी मांडीवर फाइल घेऊन बसले होते. स्कॅनिंग कसं करणार, दमटपणा कसा मोजणार, नवीन मुलींना मोडी कशी शिकवणार, सगळं लिहून नेलं होतं. त्यातलं काहीच तात्यांनी विचारलं नाही.

"मागं एका बाईंनी पोथी प्लास्टिकात घालून नासवली व्हती," ते म्हणाले. "मी तवा मेंबर व्हतो. तसलं तुमच्या हातनं व्हनार न्हाय, कशावरून?"

मी काही ठरवून गेले नव्हते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणापर्यंत बोलायचा माझा विचारही नव्हता. पण 'एका बाईंनी' हे ऐकलं आणि मी मांडीवरची फाइल मिटली. त्या बाईंचं नाव तात्यांना माहीत होतं. आठ वर्षं त्यांनी बाईंच्या हातचा चहा प्यायला होता.

"माझ्याच हातनं झालंय ते," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. पोतं, दुकान, समास, नोंदवही, सही. नोकरी गेली असं धरूनच सांगत होते.

सांगून झालं. तात्या हसले.

"अहो मॅडम, तुमी तवा पोर व्हता. नव्या मानसाकडनं चूक व्हती. त्यातनं शिकलात न्हवं? मग झालं की."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, प्रामाणिकपणा आहे मॅडमचा. चहा आला. चहा संपायच्या आत माझी नेमणूक झालेली होती.

मला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं जिचा धोंडा मी छातीवर घेऊन वावरले, ती यांच्या लेखी बिस्किट बुडवता बुडवता माफ करण्यासारखी गोष्ट होती.

"मग हेच तुम्ही तेव्हा बाईंना का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"त्या प्रमुख व्हत्या. त्यांची जबाबदारी व्हती."

"प्रमुख नव्हत्या, तात्या. प्रभारी होत्या. प्रमुख तुम्ही त्यांना केलंच नाहीत."

तात्यांनी कप खाली ठेवला. "जुनं कशाला उकरता आता? तुमचं काम झालं न्हवं?"

मी म्हटलं, इतिवृत्तात लिहा. चूक माझी होती, बाईंची नव्हती, असं आजच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहा आणि पाच जणांच्या सह्या करा. नाहीतर मला तुमची नेमणूक नको. माझा आवाज चढला होता. ते एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी लिहिलं. दोन ओळी.

त्या दोन ओळींची प्रत आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी रविवारी इंदापूरला गेले. बाई आता ऐंशीला आल्यात. भाऊ गेला, वहिनी आणि भाच्याचं कुटुंब आहे, मागच्या खोलीत त्या असतात. गुडघे गेलेत, नजर बरी आहे. मी इतिवृत्ताचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

"हे कशाला केलंस?"

"बाई, तुम्ही माझ्यासाठी स्वतःची जागा घालवलीत," मी म्हटलं. हे वाक्य मी पंचवीस वर्षं मनात घोळवलं होतं. "एवढा त्याग कुणी करत नाही. मी निदान..."

"त्याग?" बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं, मी कशाबद्दल बोलतेय. मग हसल्या थोड्या. "त्यागबिग काही नव्हता गं. तुझं नाव लागलं असतं तर तुला काढून टाकलं असतं, चार महिन्यांची पोरगी. माझं लागलं तर काय करतील? चार शब्द बोलतील आणि गप्प बसतील, असं वाटलं मला. आठ वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढं सगळं सांभाळलेलं. म्हटलं, माझं एवढं तरी वजन असेल. मला अगदी खात्री होती."

मी समजत होते, त्यांनी जागा सोडली. त्यांनी कुठं सोडली होती. त्यांना ती मिळणारच होती, त्यांच्या हिशेबानं. मला फार वाईट वाटलं, इतकं की नोंदवही बघतानाही कधी वाटलं नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून मी पेढ्यांचा बॉक्स उघडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी एक उचलला, पण खाल्ला नाही, हातातच धरून बसल्या.

"मीही नेले होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "इथल्याच स्टँडसमोरून घेतले होते, अर्धा किलो. पिशवीत खाली पेढे, वर जेवणाचा डबा."

"बैठकीला?"

"बैठक झाल्यावर वाटायला."

"मग?"

"मग काय. घरी परत आणले तर वहिनी विचारणार. एसटीत वाटून टाकले. सगळ्या गाडीला पुरले. कंडक्टर म्हणाला, कशाचे पेढे हो बाई? म्हटलं, भाचा पास झाला."